तेल वाढलंय

माझ्या आत्याच्या दुकानात येऊन नुसतं "एक डबा ऑइल द्या" म्हणणारा माणूस सुखासुखी परत गेलेला मी तरी पाहिलेला नाही. आत्या आधी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची, मग त्याने बोट दाखवलेला डबा स्वतःच्या बाजूला ओढून घ्यायची आणि सुरू व्हायची. गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? किती वर्षांची? रोज पळते की नुसती उभी असते? धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आहे का? आणि शेवटी, तेल मोजायच्या पट्टीवर तेल कमी होतंय की जास्त? या सहा प्रश्नांची सरळ उत्तरं मिळेपर्यंत डबा जागचा हलायचा नाही. एकदा एक टॅक्सीवाला वैतागून म्हणाला, "अहो बाई, तेल घ्यायला आलोय, मुलगी मागायला नाही." आत्या शांतपणे म्हणाली, "मुलगी नाही पटलं तर माहेरी परत येते. इंजिन येत नाही."

तिला सगळी गल्ली चौकशीबाई म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, कबूल मात्र करायची नाही. दुकान अरुंद आणि लांबलचक, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला काचा कापणारा. आत गेलं की दोन्हीकडे छतापर्यंत डबे, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. डब्यांतल्या मालाला बाकी सगळे ऑइल म्हणायचे, आत्या तेलच म्हणायची. मी तिच्याकडे नऊ वर्षं काउंटर सांभाळला. चुकीचा डबा काढला तर गिऱ्हाइकासमोर माझी खरडपट्टी निघायची, आणि मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही, त्यामुळे आमची रोज एकदा तरी जुंपायचीच.

आता लोक मला गाठून विचारतात, एवढी जाणती बाई, तिच्या हातून असं कसं झालं हो? मला या प्रश्नाची अशी चीड येते म्हणून सांगू! विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला नुसतं तोंडाने चुकचुकायचं असतं. म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. नंतर मला कोणी विचारू नका.

माझे बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, वडील फिरतीवर, त्यामुळे आत्यानेच त्याला वाढवलं, शिकवलं, छापखान्यात चिकटवून दिलं आणि त्याच्यासाठी बायकोही तिनेच पाहिली. ती त्याला शेवटपर्यंत 'धाकल्या' म्हणायची, तो साठीचा झाला तरी. स्वतः तिने लग्न केलं नाही. "एकाला वाढवला तेवढं पुरे," म्हणायची.

माझी आई त्या घरात आली ती एकविसाव्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात तिने काहीतरी विचारलं, चादरी कुठे ठेवायच्या वगैरे, आणि आत्या म्हणाली, "प्रश्न विचारू नकोस, मी सांगते तसं कर." वाईट हेतूने नव्हे. आत्याचा स्वभावच तसा, जगाला प्रश्न विचारायचे तिने, उत्तरं द्यायची जगाने. पण आईने ते वाक्य जे मनात धरलं ते धरलंच. तीस वर्षं ती आत्याला 'वन्सं, वन्सं' करत राहिली आणि तिच्यापुढे कधी ब्र काढला नाही. मी चिडायचे. "अगं तोंड आहे ना तुला?" म्हणायचे. आई हसायची. "त्यांना कळतं गं सगळं," म्हणायची. आणि खरंच कळायचं, हीच तर पंचाईत.

छापखान्यातल्या यंत्रांनी बाबांचे कान नेले. निवृत्त झाले तेव्हा डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्याने ओरडलं तर जेमतेम. घरात बसून ते कंटाळले, आणि एके दिवशी कोणाला न विचारता एक जुनी डिझेल घरगाडी घेऊन दारात उभे राहिले. आत दोन पलंग, एक शेगडी, बेसिन, छतावर पाण्याची टाकी, खिडक्यांना निळे पडदे. आई आत चढली, सगळे खण उघडून पाहिले आणि म्हणाली, "अय्या, इथे तर सगळं हाताशी आहे!" इतकी खूश मी तिला फार वर्षांनी पाहिली. दोघांनी वर्षभर हिंडायचं, वाटेल तिथे थांबायचं, असं ठरलं.

आत्या मात्र खूश नव्हती. "घर ते घर, गाडी ती गाडी," ती म्हणाली. "दोन्हीचं एक करून ठेवलंय म्हणजे दोन्हीची दुखणी एकाच्या बोडक्यावर." पण भाऊ ऐकणार नाही हे दिसल्यावर तिने पदर खोचला आणि तेलाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

त्या तेलावरून पंधरा दिवस घरात रणकंदन चाललं होतं. बाबांचा एक मित्र ट्रकवर होता, त्याने छातीठोकपणे सांगितलं, जड गाडी आहे, ट्रकचंच जाड तेल घाला, मी जन्मभर तेच घातलं. बाबांना पटलं. आत्याने त्या मित्राला दुकानात बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर त्याची अशी हजेरी घेतली की मला त्याची कीव आली. "तुमच्या ट्रकला काजळीची जाळी होती का? नव्हती. या गाडीला आहे. तुमच्या तेलाची जळून राख होते ती त्या जाळीत जाऊन बसते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. वर्षभरात नळी तुंबेल. मग गाडी चढावर श्वास सोडेल, तेव्हा तुम्ही येणार का ढकलायला?"

बिचारा म्हणाला, "नाही बाई, तुमचंच बरोबर."

मग ती गाडीचं पुस्तक घेऊन बसली. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. डब्यावर गाडीचं चित्र छापलंय म्हणून ते तेल त्या गाडीचं होत नाही, हे ती मला नेहमी बजावायची. गाडी बनवणाऱ्याने पुस्तकात एक आकडा दिलेला असतो, तोच आकडा डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत छापलेला असेल तरच ते तेल खरं. चार कंपन्यांचे डबे तिने उलटे करून भिंगाखाली पाहिले. तीन नापास. चौथं पातळ, कमी राखेचं, थंडीत पटकन वर चढणारं आणि भरल्या घराचं ओझं चढावर ओढताना ज्याचा थर फाटत नाही असं. "हे," ती म्हणाली आणि डब्यावर थाप मारली. जुनं तेल स्वतः उभं राहून काढून घेतलं, नवं घातलं, वर दोन डबे मागच्या खणात ठेवायला दिले.

निघायच्या दिवशी तिने बाबांच्या उजव्या कानापाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नकोस! बॅटरी उतरली तर उतरू दे! गाडी काढलीस तर चांगली तासभर पळव, नाहीतर हात लावू नकोस!" बाबांनी मान डोलावली. त्यांना किती ऐकू आलं आणि किती त्यांनी ऐकलं, देव जाणे. आईला तिने एकच काम दिलं. "दर बुधवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची. दोन खुणा आहेत. तेल कुठे आहे ते मला फोन करून सांगायचं. बाकी तू डोकं चालवू नकोस."

आईने तेही मुकाट्याने मान्य केलं.

पहिले काही बुधवार ठीक गेले. "दोन खुणांच्या मधे आहे, वन्सं." "बरं." एवढाच फोन. आई मला मात्र वेगळा फोन करायची आणि तासभर बोलायची. तळं पाहिलं, कुठे कुठे थांबलो, शेजारच्या घरगाडीतल्या बाईने लोणचं दिलं. एकदा म्हणाली, "ह्यांना टीव्ही लागतो गं रात्रंदिवस. बॅटरी पुरत नाही म्हणून इंजिन लावून ठेवतात. मी म्हटलं वन्संनी नाही सांगितलंय, तर म्हणतात दहा मिनिटांनी काय होतंय." मी हसले. मी तेव्हा हसले, हे लिहून ठेवते. मला नऊ वर्षं शिकवलेलं सगळं माहीत होतं आणि मी ते आत्याला सांगितलं नाही, कारण ती बाबांवर तोंडसुख घेईल आणि आईची सहल नासेल असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, गाडीत डिझेलचा वास येतो, पडद्यांनाही येतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, मागे काहीतरी मधेच तापल्यासारखं होतं, मग ह्यांनी इंजिन बंद केलं की थांबतं. मला काहीतरी खटकलं होतं. पण दुकानात त्या दिवशी गर्दी होती, आणि खटकलेलं बाजूला ठेवून द्यायला माणसाला वेळ लागत नाही.

मग तो बुधवार आला.

आम्ही नुकतंच दुकान उघडलं होतं. मी डबे पुसत होते, आत्या काउंटरवर. फोन वाजला, तिने कानाला लावला. आईचा आवाज मला तिथूनही ऐकू येत होता, बाबांच्यामुळे तिला मोठ्याने बोलायची सवय लागली होती.

"वन्सं, तेल वाढलंय."

आता इथे आमच्या घरातली एक खोड सांगावी लागेल. आत्याची आई, म्हणजे माझी आजी, घरात 'संपलं' हा शब्द उच्चारू द्यायची नाही. पीठ संपलं म्हणायचं नाही, पीठ वाढलं म्हणायचं. साखर वाढली, मीठ वाढलं, तेल वाढलं. संपलं म्हटलं की खरंच संपतं, अशी तिची समजूत. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात ना, तसंच. आत्या त्याच बोलीत लहानाची मोठी झाली. एरवी दुकानात ती कमी-जास्त म्हणायची, पण घरच्या माणसाच्या तोंडून 'तेल वाढलंय' ऐकलं की तिच्या कानाला ते एकच ऐकू येत होतं. आई दुसऱ्या घरातून आलेली. तिच्या माहेरी वाढलं म्हणजे वाढलं.

"वाढलं?" आत्या म्हणाली. "किती?"

"बरंच. खुणेच्या पार पलीकडे गेलंय."

"अगोबाई. तरीच म्हटलं, जुनं इंजिन आहे, पिणारच. मी दिलेल्या डब्यांतला एक काढ आणि दोन लिटर घाल. सावकाश घाल, सांडू नकोस."



"आणखी घालू?"

"मग काय सांगतेय मी? घाल आणि निघा. घाट चढायचाय ना तुम्हाला?"

"बरं, वन्सं."

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. आईच. "अगं, वन्सं आणखी दोन लिटर घालायला सांगतायत. मला नवल वाटतंय जरा." मी खालच्या फळीवर वाकले होते, हात तेलकट होते, आणि मी म्हणाले, "आई, तीस वर्षं झाली, आज तुला नवल वाटतंय होय? ती सांगते तसं कर ना." ती हसली. "तेही खरंच," म्हणाली.

अकराच्या सुमाराला एक उंच माणूस दुकानात आला, त्याचीही घरगाडीच होती. आत्याला भाऊ आठवला असावा, ती नेहमीपेक्षा गोड बोलत होती. पाच प्रश्न झाले. सहावा विचारला, "पट्टीवर तेल कमी होतंय की जास्त?"

"कमी नाही हो, उलट वाढतंय. बायको म्हणते बरंच आहे की, दर महिन्याला आपोआप भरतंय."

आत्याचा चेहराच उतरला. "गाडी कुठे आहे? चालवत आलात? आता इथून पुढे चालवायची नाही. अहो, इंजिनात तेल आपोआप भरत नसतं! जाळीतली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. मधेच बंद केलंत की ते न जळलेलं डिझेल खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं आणि वर चढतं. फार वर चढलं की इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळायला लागतं. मग चावी काढा, काही करा, ते थांबत नाही. सुटतं ते. तेल संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत किंचाळत राहतं. वाढलं म्हणजे…"

ती तिथेच थांबली. तोंड उघडं, बोट हवेत. मी तिच्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी तेच मलाही कळलं.

"ती वाढलं म्हणाली," आत्या म्हणाली. "धाकल्याची बायको. ती वाढलं म्हणाली ना गं?"

आधीच वर गेलेलं. त्यात आम्ही दोन लिटर घालायला लावलं. आणि घाट.

त्या माणसाला काउंटरवर तसाच सोडून आम्ही फोन लावत सुटलो. बाबांचा लागत होता पण ते कशाला ऐकतायत. आईचा लागेना. संपर्काबाहेर. पुन्हा संपर्काबाहेर. आत्या स्टुलावर बसली, उठली, पुन्हा बसली. मी तिच्यावर ओरडले, आजही आठवलं की लाज वाटते. "गल्लीतल्या कुत्र्याला सहा प्रश्न विचारतेस, माझ्या आईला एक विचारता आला नाही तुला? खाली की वर, एवढं एक?" ती म्हणाली, "तू लाव. पुन्हा लाव." चाळीस मिनिटं आम्ही तेच केलं.

पावणेबाराला आईचाच फोन आला. आत्याने तो काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला. आधी आवाज आला तो आईचा नव्हताच. एक सलग, चढत जाणारी किंचाळी, लोखंडाची. काचा कापणारा शेजारून धावत दारात आला.

"वन्सं! वन्सं, बंद होत नाहीये! घाट चढून वर आलो, धूर यायला लागला म्हणून ह्यांनी बाजूला घेतली, चावी काढली तरी बंद होत नाही! पांढरा धूर झालाय सगळा!"

"तू कुठे आहेस? गाडीत?"

"दारात उभी आहे."

"चढ वर. गाडी चालवणाऱ्याच्या जागेवर बस. ऐक, मी सांगते ते कर, इंजिन गिअरमध्ये अडकवून, ब्रेक दाबूनच बंद पाडायचं. डावा पाय अगदी डावीकडच्या पेडलवर, पूर्ण आत दाब. दाबलास?"

"दाबला."

"उजवा पाय मधल्यावर. जोर लाव. आता गिअरचा दांडा उजवीकडे घे."

"वन्सं, पण हे पुढे…"

"पुढेच! उजवीकडे आणि पुढे! पुढेच ढकल! गेला?"

किंचाळी आणखी वर चढली. आईचा आवाज मधे तुटत होता. "गेला. पण वन्सं…"

"प्रश्न नकोत आता! फुटेल ते, वेळ नाहीये! डावा पाय सोड! एकदम सोड!"

एक दणका ऐकू आला. मग काही नाही. ती किंचाळी सुरी मारल्यासारखी तुटली आणि आमच्या दुकानात इतकी शांतता पसरली की रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली.

आत्याने डोळे मिटले आणि काउंटरला टेकली. "झालं," ती म्हणाली. "थांबलं. सुटलो गं बाई." तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी तिचा हात धरला. काचवाला हसला. आम्ही तिघंही हसलो असू.

"शाबास," आत्या फोनमध्ये म्हणाली. "शाबास, पोरी." आईला ती तीस वर्षांत पहिल्यांदा शाबास म्हणाली होती.

मग आई अगदी हळू, रोजच्या आवाजात म्हणाली, "वन्सं." एवढंच. पुन्हा एकदा, "वन्सं." आणि मग ती गाडीतून उतरल्याचा आवाज आला, आणि मग जे ऐकू आलं ते मी लिहिणार नाही.

गाडी दोनच हात पुढे सरकली होती. इंजिन आत्या म्हणाली तसंच बंद पडलं, तिथेही तिचं ज्ञान अचूकच होतं. पण बंद पडताना गाडी धक्का खाते, आणि आई ठेंगणी, बाबा उंच, बाबांच्या मापाने मागे सारलेल्या त्या सीटवरून तिचा पाय ब्रेकवर पुरा पोचत नव्हता. बाबांनी गाडी वळणावरच्या दगडी कठड्याकडे तोंड करून लावली होती. पुढचं झाकण उघडून, आत डोकं घालून, ते हाताने काहीतरी बंद करायला धडपडत होते. कठडा आणि गाडी यांच्या मधे. त्यांना फोनवरचं काही ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी त्या आवाजात काय कळलं असतं. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने दोघांना खाली आणलं. दवाखान्यात पोचेपर्यंत बाबा राहिले नव्हते.

सहा आठवडे आत्या आमच्याकडे आली नाही. दुकान बंद. मी दारावर जायचे, ती आतून म्हणायची, "जा तू, आईपाशी बस." आई घरात वावरायची, भाज्या चिरायची, कपड्यांच्या घड्या करायची, जेवताना दोन ताटं काढायची आणि एक परत ठेवायची. मी आत्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते आणि स्वतःलाही. कोणाला जास्त, ते सांगता येणार नाही. आई मात्र तिच्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही, आणि त्याचाही मला राग येत होता.

मग एका दुपारी आत्या आली. बारीक झाली होती. चप्पल काढून स्वयंपाकघरात आली आणि उभीच राहिली. आईने पाट, खुर्ची काही दिलं नाही, कारण तिने खुर्ची आधीच सरकवून ठेवली होती, जिना चढतानाचा आवाज ऐकूनच. आत्या बसली. आईने पाण्याचा पेला पुढे केला.

"एक विचारायचं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी गिअर टाकायला सांगत होते तेव्हा तू काहीतरी म्हणत होतीस. मी मधेच तोडलं. मला वाटलं दांड्याबद्दल विचारतेयस, हे पुढे घेऊ का म्हणून. काय म्हणत होतीस?"

आई ओट्यापाशी पाठमोरी होती. ती वळली, पदराला हात पुसले.

"हे पुढे उभे आहेत, असं म्हणत होते."

आत्याच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मग पुरतं बोलली का नाहीस? ओरडून का नाही सांगितलंस मला?"

"तुम्ही पुढेच म्हणालात ना, वन्सं," आई म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."